बावीस जणी आणि एक नकार

मागील अंकात कमला हॅरिस यांच्या विद्यार्थिदशेविषयी लिहिताना वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठातल्या ‘अल्फा कप्पा अल्फा’ या सोरोरिटीचा उल्लेख एका वाक्यात उरकला होता. आलेली पत्रे पाहता तो अपुरा होता, हे मान्य करावे लागते. त्यांतील काही प्रश्नांना या वेळच्या सदरात उत्तरे देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सोरोरिटी म्हणजे नेमके काय? आपल्याकडच्या महिला मंडळासारखाच हा प्रकार असतो का? (एक वाचक भगिनी, सांगली)

लॅटिन भाषेत ‘सोरोर’ म्हणजे बहीण. त्यावरून अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या संघटनांना सोरोरिटी हे नाव मिळाले. अशी पहिली संघटना १८५१ मध्ये जॉर्जिया राज्यातील मेकन येथील वेस्लियन महाविद्यालयात स्थापन झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ग्रीक अक्षरांची नावे घेण्याची पद्धत त्याहून जुनी असून ती १७७६ च्या ‘फाय बीटा कप्पा’ या विद्यार्थी संघटनेपासून चालत आली आहे.

महिला मंडळाशी तुलना थोडीफार चालेल, पण दोन ठिकाणी ती अडते. आपल्या गल्लीतल्या मंडळात वर्गणी भरली की नाव लागते. सोरोरिटीत मात्र कोणाला घ्यायचे हे आधीच्या सदस्या ठरवतात आणि निवड झालेल्या मुलीला विधिपूर्वक दीक्षा दिली जाते. दुसरे असे की महाविद्यालय सुटल्यावर सदस्यत्व सुटत नाही. वयाची सत्तरी ओलांडलेल्या बायका शहरातील पदवीधर शाखेच्या सभेला नेमाने जातात आणि परस्परांना ‘सोरोर’ म्हणूनच हाक मारतात. विद्यापीठागणिक वेगळी शाखा असते व शाखांनाही ग्रीक अक्षरे दिली जातात. हॉवर्डमधील शाखा सर्वांत आधीची, म्हणून ती अल्फा शाखा.

प्रश्न : ही सोरोरिटी हॉवर्डमध्येच आणि १९०८ मध्येच का निघाली? (एक शिक्षक, अमरावती)

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, गुलामगिरी कायद्याने रद्द झाली, आणि पुढे दोनच वर्षांनी हॉवर्ड विद्यापीठ सुरू झाले. ज्या आईवडिलांना अक्षरओळख होऊ देणेसुद्धा दक्षिणेतील कित्येक राज्यांत गुन्हा ठरला होता, त्यांच्या लेकी-नाती १९०८ मध्ये तेथे लॅटिन आणि ग्रीक शिकत होत्या. गोऱ्या मुलींच्या सोरोरिटींचे दरवाजे त्यांना बंद होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची ‘अल्फा फाय अल्फा’ ही बंधुसंघटना १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात निघाली होती व तिची शाखा हॉवर्डमध्येही पोहोचली होती, परंतु मुलींसाठी तसे काहीच नव्हते.

सेंट लुइसहून आलेल्या एथेल हेजमन या विद्यार्थिनीला ही कल्पना सुचण्याचे निमित्त अगदी साधे होते. एथेल रॉबिन्सन नावाच्या शिक्षिकांनी ब्राउन विद्यापीठात शिकताना तेथील मुलींच्या सोरोरिटींचे जीवन जवळून पाहिले होते आणि त्या दिवसांच्या गोष्टी त्या आपल्या विद्यार्थिनींना सांगत. हेजमनने ते मनावर घेतले, मैत्रिणी जमवल्या आणि १५ जानेवारी १९०८ रोजी मायनर हॉल या मुलींच्या वसतिगृहात नऊ जणींनी संघटना स्थापन केली. ग्रीक विषय चांगला असलेल्या ब्यूला बर्क हिने नाव सुचवले. फिका गुलाबी आणि कोवळ्या सफरचंदाचा हिरवा हे दोन रंग ठरले. घटना लिहिण्यात पुढाकार घेणारी लूसी स्लो शाखेची पहिली अध्यक्ष झाली. पुढे द्वितीय वर्षाच्या सात जणींना दीक्षाविधीविनाच सामावून घेण्यात आले. त्यामागे धोरण होते: नऊ जणी पदवी घेऊन गेल्यावर मागे कोणीतरी उरले पाहिजे. विद्यार्थी संघटनेचे आयुष्य परीक्षेच्या वेळापत्रकाला बांधलेले असते, हे या मुलींनी पहिल्याच वर्षी ओळखले होते.

प्रश्न : या शाखेत पुढे मोठी फूट पडली, असे वाचनात आले. वाद कशावरून झाला आणि चूक कोणाची होती? (एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे)

आलेल्या प्रश्नांपैकी हा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून याचे उत्तर लांबणार आहे.

स्थापनेला चार वर्षे झाली होती. संस्थापिका पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या आणि १९१२ च्या सुमारास शाखेची सूत्रे ज्यांच्या हाती आली, त्यांनी स्थापनेच्या बैठका पाहिलेल्या नव्हत्या. त्यांतील बावीस जणींना संघटना बदलावीशी वाटू लागली. नाव, रंग, चिन्हे यांपासून ध्येयवाक्यापर्यंत सारे नवे हवे, सामाजिक आणि राजकीय प्रश्नांत उघडपणे उतरायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा आणखी एक मुद्दा होता. संघटनेची कायदेशीर नोंदणीच झालेली नसल्यामुळे दुसऱ्या विद्यापीठात शाखा काढण्याची सनद ती देणार कशी? मायरा डेव्हिस ही त्या वेळची शाखेची अध्यक्षही या बावीस जणींतच होती. म्हणजे चालू पदाधिकारी आणि बहुमत, दोन्ही बदलाच्या बाजूला होते.

आदल्या वर्षीची अध्यक्ष नेली क्वांडर नुकतीच पदवीधर होऊन वॉशिंग्टनमध्येच शिक्षिका झाली होती. ही हकीकत कानावर येताच तिने बदलाला साफ नकार दिला. शाखेत आज असलेल्या मुलींना आधीच्या सर्वांचे नाव पुसण्याचा अधिकार नाही, ही तिची भूमिका होती. तिने मुलींना विचार करून निर्णय कळवण्यासाठी मुदत दिली. मुलींनी आपला निर्णय बदलला नाही. १३ जानेवारी १९१३ रोजी त्या बावीस जणींनी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ ही नवी सोरोरिटी त्याच हॉवर्डमध्ये स्थापन केली आणि मायरा डेव्हिस तिची पहिली अध्यक्ष झाली. क्वांडरनेही वेळ दवडला नाही. आपल्या बाजूच्या मोजक्या जणींना घेऊन तिने २९ जानेवारी १९१३ रोजी ‘अल्फा कप्पा अल्फा’ची कायदेशीर नोंदणी करून टाकली. दोन घटनांमध्ये अंतर अवघे सोळा दिवसांचे.

बहुमत एकीकडे आणि नाव दुसरीकडे राहिले तर खरी संघटना कोणती मानायची, हा पेच महाराष्ट्रातील वाचकांना २०२२ आणि २०२३ नंतर वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की हॉवर्डच्या मुलींनी नावासाठी दावा लावला नाही. बहुमताने नवे नाव घेतले आणि जुने नाव अल्पमताकडे राहू दिले.

चूक कोणाची, असे आपण विचारले आहे. आमच्या मते बावीस जणींनी दाखवलेली उणीव खरी होती, आणि याचा पुरावा क्वांडरच्या कृतीतच सापडतो. नोंदणी नाही, त्यामुळे विस्तार नाही, हा त्यांचा आक्षेप होता. क्वांडरने त्यांचा प्रस्ताव नाकारला, पण आक्षेप मात्र निमूटपणे मान्य करून सोळा दिवसांत दूर केला. नोंदणी होताच त्याच वर्षी शिकागोला बीटा शाखा निघाली. बावीस जणींनी बंड केले नसते, तर ‘अल्फा कप्पा अल्फा’ एका वसतिगृहातले सुंदर मंडळ होऊन राहिली असती आणि दहा-वीस वर्षांत विसरली गेली असती, असे मानायला बरीच जागा आहे. उलट क्वांडरने नकार दिला नसता, तर दर चार वर्षांनी नव्या तुकडीने नवे नाव घेण्याचा पायंडा पडला असता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आज दोन्ही सोरोरिटी आपापला इतिहास सांगताना त्यांपैकी एकीवरच जोर देतात, हे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले.

या वादाचे वर्णन ‘राजकारण हवे असणाऱ्या मुली विरुद्ध नको असणाऱ्या मुली’ असे केलेले कधी कधी आढळते. ते आम्हाला पटत नाही. ३ मार्च १९१३ रोजी, वुड्रो विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी प्रचंड मिरवणूक निघाली. ‘डेल्टा सिग्मा थीटा’च्या मुली तीत चालल्या, हे त्यांचे पहिले जाहीर कार्य आणि ते त्यांना भूषणावहच आहे. गोऱ्या संयोजकांपैकी काहींना कृष्णवर्णीय स्त्रिया मिरवणुकीत नकोच होत्या. आल्याच तर त्यांनी शेवटी चालावे, असा दबाव होता. याच मिरवणुकीच्या सुमारे दोन आठवडे आधी क्वांडरने संयोजक ॲलिस पॉल यांना पत्र पाठवले होते. हॉवर्डमधील काही विद्यार्थिनींना सहभागी व्हायचे आहे, पण वंशामुळे भेदभाव सोसावा लागणार असेल तर आमची येण्याची इच्छा नाही, तेव्हा महाविद्यालयीन स्त्रियांच्या विभागात आम्हाला योग्य जागा द्याल का, असा त्याचा आशय होता. राजकारणापासून दूर राहू पाहणारी व्यक्ती असे पत्र लिहीत नाही. एका बाजूने आधी अट घातली आणि दुसरी बाजू जे होईल ते पाहू म्हणून रस्त्यावर उतरली. फरक स्वभावाचा होता, ध्येयाचा नव्हता.

प्रश्न : शाखेचे पदाधिकारी कसे असतात? बावीस वर्षांची मुले-मुली एवढा कारभार कसा चालवतात? (सहकारी पतसंस्थेचे एक सचिव, कोल्हापूर)

पदांची नावेही ग्रीक. अध्यक्षाला बॅसिलियस म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘राजा’ असा आहे आणि तो व्याकरणाने पुल्लिंगी आहे, हे स्त्रियांच्या संघटनेत थोडे गमतीचे वाटते. उपाध्यक्ष ही ‘अँटी-बॅसिलियस’. आपल्याला हे विरोधी पक्षनेत्याचे पद वाटेल, पण ग्रीकमध्ये ‘अँटी’चा अर्थ ‘च्या जागी’ असाही होतो. सचिव ग्रामॅटियस आणि खजिनदार टॅमिओकस.

विद्यार्थी शाखेवर पदवीधर सल्लागार नेमलेली असते आणि तिच्या वरती प्रादेशिक संचालक. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या महासभेला ‘बूले’ म्हणतात व सर्वोच्च अध्यक्षाची मुदत चार वर्षांची असते. पहिली महासभा १९१८ मध्ये हॉवर्डलाच झाली. पहिली सर्वोच्च अध्यक्ष अर्थातच नेली क्वांडर, आणि ती त्या पदावर १९१९ पर्यंत होती. आपण सचिव आहात म्हणून मुद्दाम सांगतो: पोटनियम, नोंदणी, लेखापरीक्षण या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात, पण १९१२ च्या त्या हिवाळ्यात अख्खा वाद फिरला तो नोंदणीच्या एका कागदाभोवती.

नेतृत्वाचे शिक्षण कोणाला कसे पुढे नेते, याचे सर्वांत चांगले उदाहरण पहिली अध्यक्ष लूसी स्लो. १९१७ मध्ये बाल्टिमोर येथे अमेरिकन टेनिस असोसिएशनच्या, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या राष्ट्रीय संघटनेच्या, स्पर्धेत तिने महिला एकेरीचे विजेतेपद मिळवले. १९२२ मध्ये ती हॉवर्डमध्येच विद्यार्थिनींची अधिष्ठाता म्हणून परतली आणि १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिली. त्या काळी असे पद म्हणजे मुली कितीला परत येतात हे पाहणारी वसतिगृहाची राखणदार, अशीच समजूत होती. स्लोने ती मान्य केली नाही. अधिष्ठाता ही प्राध्यापकाच्या दर्जाची शिक्षणतज्ज्ञ असली पाहिजे, हा तिचा आग्रह होता आणि त्यापायी विद्यापीठाच्या अध्यक्षांशी तिचे वर्षानुवर्षे खटके उडाले. एथेल हेजमनची वाट मात्र अगदी वेगळी. जिच्या डोक्यातून ही संघटना निघाली, तिने लग्नानंतर एथेल हेजमन लाइल या नावाने वीसहून अधिक वर्षे राष्ट्रीय खजिनदाराचे काम केले. संस्थापिकेने आयुष्यभर हिशेबाच्या वह्या सांभाळाव्यात, हे आम्हाला तरी अध्यक्षपदापेक्षा मोठे वाटते.

प्रश्न : मेजवान्या आणि मिरवणुका सोडल्या, तर या संघटना समाजासाठी काही करतात का? (एक वाचक, नांदेड)

प्रश्नातील सूर लक्षात आला आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे असेही नाही. तरीही मिसिसिपीतील आरोग्य प्रकल्पाची हकीकत ऐकावी. आयडा लुइस जॅक्सन या कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या पहिल्या कृष्णवर्णीय सरकारी शाळाशिक्षिका. सर्वोच्च अध्यक्ष असताना १९३४ च्या उन्हाळ्यात त्यांनी मिसिसिपीतील खेड्यांमधल्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला. तेथे गेल्यावर दिसले की शिकवण्याआधी माणसांना बरे करण्याची गरज आहे. म्हणून १९३५ पासून हॉवर्डच्या डॉक्टर डोरोथी बोल्डिंग फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षिका यांची तुकडी दर उन्हाळ्यात तिकडे जाऊ लागली.

ठरावीक ठिकाणी दवाखाने मांडायचे, असा बेत होता. पण कापसाच्या मळ्यांच्या मालकांनी आपल्या कुळांना काम टाकून दवाखान्यात जाऊ देण्यास नकार दिला. तेव्हा या बायकांनी औषधे आणि लसी आपल्या मोटारींत भरल्या व धुळीच्या रस्त्यांनी थेट मळ्यांवर जाऊन मोटारीशेजारीच देवी आणि घटसर्प यांच्या लसी टोचायला सुरुवात केली. हे काम १९४२ पर्यंत चालले. युद्धामुळे पेट्रोल आणि टायर दुर्मीळ झाले नसते, तर ते आणखी चालले असते. सरकारी फिरता दवाखाना आपल्याला आता ओळखीचा आहे; तो आपल्या वर्गणीतून, परक्या राज्यात, मालकांची नाराजी पत्करून चालवणे ही मेजवानी खचितच नव्हे.

प्रश्न : कमला हॅरिस या शाखेच्या अध्यक्ष होत्या का? (अनेक वाचक)

त्यांची ओळख शाखेची सदस्य अशीच आहे. पदवीच्या अखेरच्या वर्षी, १९८६ च्या वसंत ऋतूत, अडतीस जणींच्या तुकडीतून त्या अल्फा शाखेत आल्या. २०२० मध्ये उपाध्यक्षपदासाठी त्यांचे नाव जाहीर झाल्यावर अनेक ‘सोरोर’ भगिनींनी प्रचारनिधीला नेमके १९ डॉलर आणि ८ सेंट पाठवायला सुरुवात केली. १९०८ या स्थापनावर्षाचा हा संकेत होता. शपथविधीच्या दिवशी, २० जानेवारी २०२१ रोजी, गळ्यात मोत्यांचा सर घालून दूरदर्शनसमोर बसलेल्या बायकांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. या सोरोरिटीत मोती वीस संस्थापिकांची आठवण म्हणून घालतात. आणि वीसमध्ये फुटीनंतर नोंदणी करणाऱ्या क्वांडर व तिच्या सहकारी आहेत.

प्रश्न : माझी भाची न्यू जर्सीत शिकते. तिला एका सोरोरिटीत यायचे निमंत्रण आहे. तेथे रॅगिंग होते असे ऐकून तिची आई, म्हणजे माझी बहीण, घाबरली आहे. काय सांगावे? (एक वाचक भगिनी, ठाणे)

भीती अनाठायी नाही. अमेरिकेत ज्याला ‘हेझिंग’ म्हणतात त्यात बंधुसंघटना आणि सोरोरिटी या दोन्हींमध्ये माणसे जखमी झाली आहेत आणि मृत्यूही झाले आहेत. याच कारणाने ‘अल्फा कप्पा अल्फा’सह कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी १९९० मध्ये ‘प्लेजिंग’, म्हणजे प्रवेशाआधीचा महिनोन्‌महिने चालणारा उमेदवारीचा काळ, बंद केला. चोरूनमारून प्रकार नंतरही घडले, हे खरे. आपल्याकडे महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये झाला. अमेरिकेत बहुतेक राज्यांचे आपापले कायदे होते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राचाही कायदा झाला, ज्यानुसार महाविद्यालयांना अशा घटनांची माहिती जाहीर करावी लागते. भाचीच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ही माहिती आहे का, ते आधी पाहावे.

भाचीला निमंत्रण कोणत्या सोरोरिटीचे आहे, हे आपण लिहिलेले नाही. १९९८ पासून दक्षिण आशियाई मुलींनी स्थापन केलेल्या सोरोरिटीही अमेरिकेत आहेत आणि त्यांत मराठी घरांतल्या मुलींना नवख्यासारखे वाटत नाही. मात्र ओळखीची आडनावे दिसली म्हणून चौकशी टाळू नये. वर्षाचा एकूण खर्च किती, तो कशावर होतो आणि मध्येच सोडल्यास काय, हे लेखी विचारावे. शाखेची पदवीधर सल्लागार कोण, तिचा संपर्क मिळेल का, हेही विचारावे. मुलींनी नाव आणि संपर्क लगेच दिला, तर बहिणीने स्वतः एकदा तिच्याशी बोलून घ्यावे. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर भाचीने यंदा थांबावे. पुढच्या वर्षी निमंत्रण पुन्हा येऊ शकते.